निजेला धोंडा, पण किती ग्रॅमचा?

ट्रेकला जाणाऱ्या माणसाच्या अंगात दोघं जण राहतात. एक दिवसाचा, एक रात्रीचा. दिवसाच्याला खांदे असतात, रात्रीच्याला कंबर. सॅक भरतो तो दिवसाचा. तो घरच्या गादीवर व्यवस्थित झोपून उठलेला असतो, दोन कप चहा झालेला असतो आणि 'हे कशाला लागतंय, ते कशाला लागतंय' करत एकेक वस्तू बाहेर काढत असतो. त्यातल्या प्रत्येक वस्तूची आठवण रात्रीच्या माणसाला दोन वाजता येते, कुठल्यातरी गुहेत, डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळताना. या दोघांची समोरासमोर गाठ पडत नाही म्हणून बरं. पडली असती तर हातघाईवर आले असते.

यंदा रतनगड ते हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक ठरला. रतनवाडीतून चढून रतनगडाच्या गुहेत मुक्काम, मग कात्राबाईची खिंड ओलांडून पाचनईच्या बाजूला आणि तिथून वर हरिश्चंद्रगड. म्हणजे सगळा संसार पाठीवर. ठरल्याबरोबर इतरांनी नकाशे काढले. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला.

आमच्या घरात 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' हे वाक्य पिढीजात आहे. ते म्हणणारे आमचे आजोबा प्रवासाला निघताना होल्डॉल बांधत, हा तपशील सहसा सांगितला जात नाही. खाकी कॅनव्हासचा तो होल्डॉल. आत कापसाची गादी, दोन चादरी, एक रग, उशी, उशीखाली पंचांग, आणि उरलेल्या फटींत चपला, छत्री, तांब्या. दोन चामडी पट्टे आवळायला दोन माणसं आणि उचलायला हमाल. धोंड्यावर निजायचा उपदेश त्यावर बसून केला जाई.

मी स्वतः मात्र धोंड्यावर झोपलेलो आहे. विशीत झोप घ्यावी लागत नाही, ती येऊन पडते. राजगडावर पद्मावतीच्या देवळात फरशीवर सतरंजी, सतरंजीवर आम्ही, आमच्यावर शेजारच्या ग्रुपचे पाय. उशीला दोराचं वेटोळं, तो दुसऱ्याने आधी पळवला असेल तर बूट. सकाळी कोणीतरी हलवून उठवायचं. तेव्हा पाठ ही एकसंध वस्तू होती. चाळिशी उलटल्यावर तिच्यातल्या मणक्यांना नावं येतात. एक दिवस डॉक्टर काळी फिल्म उजेडावर धरतात आणि 'एल-फोर एल-फाइव्ह' म्हणतात, आणि पुढे लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीला बसल्यावर शेजारचा म्हणतो, "तुमचं कुठलं? माझंही तेच."

ट्रेकवाल्यांची पारंपरिक गादी म्हणजे कॅरिमॅट. निळी, काळी, किंवा मुळात कुठल्या रंगाची होती हे आता सांगता येणार नाही अशी. तिच्या फोममधला प्रत्येक बुडबुडा बंद असतो, त्यामुळे पाणी आत जात नाही, हवा बाहेर येत नाही, पंक्चर होत नाही. वजन तीन-चारशे ग्रॅम. तिच्यावर बसून जेवता येतं, पत्ते खेळता येतात, तिचा स्टोव्हला आडोसा करता येतो, चुलीला वारा घालता येतो, कोणाचा पाय मुरगळला तर भोवती गुंडाळून बांधता येते. झोपता येत नाही एवढं सोडलं तर सगळं करता येतं. जाडी जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे खालचा प्रत्येक खडा वर येऊन आपली ओळख करून देतो.

शिवाय तिचं भेंडोळं. सॅकबाहेर आडवं बांधलं की माणूस एसटीच्या दारात अडकतो. उभं बांधलं की आत जातो, पण वळला की मागच्याच्या नाकावर बसतं. "ओ सर, ते भेंडोळं उतरवा आधी, मग तिकीट," हे मी पुष्कळ कंडक्टरांकडून ऐकलंय. पुढे करवीच्या रानात शिरल्यावर ते प्रत्येक फांदीशी बोलत बोलत चालतं.

तरी फोमच्या पुढचं कोणीतरी शोधून काढलंच. १९७० च्या सुमारास अमेरिकेत सिॲटलला बोइंगमध्ये मोठी नोकरकपात झाली. तिथून बाहेर पडलेल्या दोन इंजिनिअरांनी एका गिर्यारोहक मित्राला धरून, झडप उघडली की आपोआप फुगणारी गादी तयार केली. ती थर्मारेस्ट. त्यातल्या एकाला बागकाम करताना गुडघ्याखाली घेतलेल्या फोमच्या तुकड्यावरून कल्पना सुचली म्हणतात: भार दिला की हवा बाहेर जाते, भार काढला की परत आत येते. नोकरी गेली की माणसांची झोप उडते. यांनी झोपेचाच कारखाना काढला. त्यानंतर गाद्यांतला फोम कमी कमी होत गेला आणि आता महागात महाग गादीत निव्वळ हवा असते. ती आपलीच, तोंडाने भरायची.

आमच्या ग्रुपात एक गुरुजी आहेत. नोकरी आयटीत, पण वजनाच्या बाबतीत ते दीक्षा देतात. अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकी सॅक, म्हणजे 'बेस वेट', साडेचार किलोच्या आत बसली तर माणूस अल्ट्रालाइट. मूळचा हिशेब अमेरिकेतला, दहा पौंडांचा. त्यासाठी गुरुजींनी टूथब्रशची दांडी कापली आहे, टी-शर्टांची लेबलं उसवली आहेत आणि नकाशाचे समास कातरले आहेत. (एकदा त्या समासातच पायवाट गेली होती. पण त्याबद्दल त्यांच्यासमोर बोलायचं नाही.) स्वतःचं पोट ते बेस वेटमध्ये धरत नाहीत.

"फुल लेंथ मॅट घेऊ नकोस," गुरुजी म्हणाले. "टॉर्सो लेंथ घे. खांद्यापासून कमरेपर्यंत. पायाखाली रिकामी सॅक. दीडशे ग्रॅम वाचतात."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण मी इतकी वर्षं काटकसरीची समजत होतो. ती सामानाच्या यादीतली तांत्रिक सूचना निघाली.

मग गुरुजींनी एमा गेटवूडचा दाखला दिला. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ही बाई अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल एकटी चालून गेली. सव्वातीन हजार किलोमीटरांच्या घरात. सामान काय, तर खांद्यावर स्वतः शिवलेली एक पिशवी, त्यात एक ब्लँकेट आणि न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. पालापाचोळ्याच्या ढिगावर झोपायची. "बघ!" गुरुजी म्हणाले. मी घरी येऊन वाचलं तर त्या बाईंना अकरा मुलं. अकरा मुलं वाढवून झाल्यावर पाचोळाच काय, कुठेही झोप लागेल. कोणी हाक मारणार नाही, एवढंच पाहिजे.

रविवारी संध्याकाळी दुकानात गेलो. बायको आणि मुलगी बरोबर. गाद्यांच्या भागात बाविशीचा एक मुलगा उभा होता. त्याने नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारलं, "सर, तुम्ही साइड स्लीपर की बॅक स्लीपर?"

एवढ्या आयुष्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. लग्न जुळवतानाही नाही. मी विचारात पडलो तेवढ्यात बायको म्हणाली, "घोरणारा." आणि मुलीला घेऊन बाहेर पाणीपुरी खायला निघून गेली.

प्रश्न मात्र बरोबर होता. उताणं झोपणाऱ्याचं वजन पसरतं, त्याला पातळ मॅटही चालून जाते. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी एकवटतं. तिथे फोम चेपून संपतो आणि हाड जमिनीला टेकतं. त्याला सात-आठ सेंटिमीटर उंचीची हवेची गादी लागते. मी कुशीवरचा. म्हणजे माझा खर्च खुब्याने आधीच ठरवून ठेवला होता.

"आता आर-व्हॅल्यू," मुलगा म्हणाला. इथे मात्र त्याने मला शिकवलं, आणि तेही चांगलं. बाहेर झोपल्यावर जास्त थंडी वाजते ती खालून. स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते. तिच्यातली पिसं किंवा धागे फुगतात, हवा धरून ठेवतात आणि ती हवा आपली ऊब राखते. पण अंगाखालचा भाग आपल्याच वजनाने चेपतो. पाठ आणि कातळ यांच्यामध्ये राहतात कापडाचे दोन पदर. मग कातळ रात्रभर निवांतपणे आपली ऊब ओढून घेतो. हजार रुपये जास्त देऊन घेतलेली स्लीपिंग बॅग वरून शाबूत, आणि खाली माणूस गारठलेला. ते ओढणं रोखायचं काम गादीचं. ती किती रोखते, त्याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू.

पूर्वी हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढायची, त्यामुळे वर्गात सगळेच पहिले. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० नावाचं मानक निघालं: खाली थंड पत्रा, वर अंगाइतका गरम पत्रा, मध्ये मॅट, आणि वरचा पत्रा गरम राहायला किती वीज खर्च होते ते मोजायचं. २०२० पासून मोठ्या कंपन्या तोच आकडा छापायला लागल्या. साधा फोम दोनच्या आसपास येतो. बर्फावर झोपायचं असेल तर चार-पाचच्या पुढे पाहिजे. आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर दोघींच्या आकड्यांची सरळ बेरीज होते.

"पण रतनगडावर बर्फ कुठे पडतो?" मी म्हटलं.

"रतनगडाचं नाही सर. पुढे कधी केदारकंठा केलंत तर?"

मराठी मध्यमवर्गाला केदारकंठाच्या नावावर काहीही विकता येतं. आम्ही सगळे कधी ना कधी डिसेंबरात सांकरीला जाऊन साडेबारा हजार फुटांवरच्या त्या बर्फात उभं राहून फोटो काढणार आहोत. तोवर लोकरीचे पायमोजे, गेटर, बर्फाचे चष्मे कपाटात वाट बघत बसलेले असतात. त्यांच्यात गादीची भर पडायची होती.

मुलाने गादी फुगवून जमिनीवर टाकली. "झोपून बघा सर." सायकली आणि पोहण्याचे चष्मे यांच्यामधल्या वाटेवर मी बूट काढून आडवा झालो. लोक ओलांडून जायला लागले. एका लहान मुलाने विचारलं, "आई, त्या काकांना काय झालं?" आईने त्याला हाताला धरून पुढे ओढलं. आडवं पडल्यावर दुकानाचं छत दिसतं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची काळजी. एक आजोबा बराच वेळ काठीवर रेलून बघत होते. मी उठल्यावर म्हणाले, "गुडघ्याला चालेल का हो ही?"

दुकानात दोन मिनिटं कुठलीही गादी छानच वाटते. तिथे झोपायचं नसतं, उठायचं असतं. पण एवढे लोक बघत असताना 'नको' म्हणायला धैर्य लागतं. गादी घेतली. वजन अर्धा किलो, गुंडाळली की लिटरच्या बाटलीएवढी, किंमत साडेसात हजार.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "केवढ्याला पडली?"

"साडेसातशे."

अल्ट्रालाइटमध्ये नको ते काढून टाकायचं असतं. मी एक शून्य काढलं. बायको काही बोलली नाही. पिशवीकडे एकदा बघितलं आणि सुकी पुरी तोंडात टाकली.

त्या रात्री हॉलमध्ये चाचणी. ही गादी फुगवायला पंचवीस-तीस फुंका लागतात. पंधराव्या फुंकेला डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. जे बघायला लोक पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई-पुण्याहून भंडारदऱ्याला जातात, ते मला सोफ्याशेजारी फुकट दिसले. खरं म्हणजे तोंडाने फुंकूच नये. श्वासातली वाफ आत जाते आणि साचते. त्यासाठी एक हलकी पिशवी मिळते. तिच्यात हवा धरायची आणि पिळून गादीत ढकलायची. तिचे साठ ग्रॅम वेगळे.

मग दिवा मालवून झोपलो. या गाद्यांच्या पोटात ऊब परत फिरवण्यासाठी चकचकीत पापुद्रे असतात. ते वाजतात. कूस बदलली की घरात कोणीतरी चोरून चिवड्याची पिशवी चाचपतंय असा आवाज येतो. दुसऱ्यांदा वळलो तेव्हा आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कोण खातंय रे रात्रीचं?"

शिवाय रुंदी. ठरावीक गादी एकावन्न सेंटिमीटर रुंद असते. उताणं झोपलं की दोन्ही हात कडेवरून खाली घसरतात, म्हणून छातीवर घ्यायचे; तशा अवस्थेत माणूस घरच्यांना बघवत नाही. गादी टम्म फुगवली तर ती माणसाला बाहेर फेकते. हवा सोडत सोडत खुबा जमिनीला टेकतोय न टेकतोय इथवर आणावी, तिथे ती खरी गादी होते. पण मग पहाटे गारठ्याने आतली हवा आकसते आणि गादी मऊ पडते. ट्रेकमधल्या निम्म्या लोकांना तेव्हा पंक्चरचा संशय येतो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधेपर्यंत उन्हं येतात आणि गादी पुन्हा ताठ होते. आम्ही तर हवेची गादी घेऊन जिथे माथ्यावरच्या कातळात आरपार सुईचं नेढं आहे त्या रतनगडावर चाललो होतो.

तरी गादीचा प्रश्न पैशाने सुटतो. उशीचा सुटत नाही.

गुरुजींच्या मते उशी नेणं हा चैनीचा भाग आहे. ट्रेकर उशी नेत नाही, करतो. जास्तीचे कपडे स्लीपिंग बॅगच्या खोळीत भरायचे, झाली उशी. हे ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. पण ज्या रात्री थंडी असते त्या रात्री ते सगळे कपडे अंगात असतात. उशी घालून झोपायचं की उशीवर झोपायचं, यातलं एक ठरवावं लागतं. खोळीत शेवटी उरतात दिवसभराचे मोजे आणि ओला पंचा. जॅकेटची उशी केली तर सकाळी गालावर चेन उमटलेली असते, आणि ती दुपारपर्यंत जात नाही. पाण्याची बाटली गोल फिरते. बुटांबद्दल बोलायला नको. दोराची उशी उत्तम, पण मग दोर न्यावा लागतो.

आईला हे सगळं कानावर आलं. तिने दुपारच्या वेळात एक छोटी उशी शिवली. आत सावरीचा कापूस, वर जुन्या सुती साडीचा अभ्रा, कडेला बारीक टीप. हातात घेतली तर बोटं आत रुतली. ती गालाला लावून मी तिथेच खुर्चीत पाच मिनिटं डोळे मिटले. "ही ने. काही वजन नाही तिला," आई म्हणाली. मी काट्यावर ठेवली. तीनशे नव्वद ग्रॅम.

"तुझा काटा बिघडलाय," आई म्हणाली.

साडेचार किलोच्या हिशेबात तीनशे नव्वद ग्रॅम बसत नाहीत. गुरुजींना नुसता आकडा सांगितला तर त्यांनी फोनवर दीर्घ श्वास घेतला. शेवटी फुगवायची उशी आणली. ऐंशी ग्रॅम, मिटली की मुठीत मावते. या उशांचे दोन स्वभाव आहेत. पूर्ण फुगवली तर डोकं तिच्यावर टिकत नाही आणि मानेला काटकोन पडतो, म्हणून निम्मी हवा सोडावी लागते. कुशीवर झोपणाऱ्याला कानापासून गादीपर्यंतचं अंतर भरून निघेल एवढीच उशी हवी, आणि गादी खांद्याखाली जितकी दबेल तितकी उशी आणखी खाली उतरवायची. हे जमतं. दुसरा स्वभाव म्हणजे ती पळते. खाली गुळगुळीत नायलॉन, वर गुळगुळीत नायलॉन, आणि गुहेची जमीन दिवसा कितीही सपाट दिसली तरी आडवं झाल्यावर तिचा उतार कळतो. माणूस हळूहळू पायथ्याकडे, उशी दरवाज्याकडे. यावर उपाय आहेत. उशीला जुना सुती टी-शर्ट घालावा, गालालाही बरं वाटतं. स्लीपिंग बॅगच्या टोपीत उशी आतून कोंबावी. काही जण गादीच्या डोक्याकडच्या टोकाखाली सरकवतात. गुरुजी रबरबँड लावतात, त्याचं वजन त्यांनी केलेलं आहे.

यात माझं मत विचाराल तर काटकसर उशीत करावी, गादीत करू नये. मान एक रात्र कुरकुरते आणि गप्प बसते. कंबर दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या चढावर सगळ्यांसमोर बोलते.

रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेऊन निघालो. वाट दाखवायला गावातले एक मामा बरोबर होते. जंगल, मग लोखंडी शिड्या, मग गणेश दरवाजा, की गुहा. माकडांच्या हाती काही लागू नये म्हणून सामान आत घेतलं, जेवणं उरकली आणि पथाऱ्या पडल्या. गुरुजींनी आपली टॉर्सो लेंथ पसरली आणि रिकामी सॅक पायाखाली घेतली. मामांनी खांद्यावरची घोंगडी उलगडली.

गुरुजींना राहवलं नाही. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात खरं अल्ट्रालाइट. एक घोंगडी, बस्स."

"दोन किलोची हाये, सर," मामा म्हणाले. "पावसात भिजली का पाच."

तेवढ्यात माझी गादी फुगून तयार झाली होती. मामा जवळ आले. तळव्याने दाबून बघितली, सोडली, पुन्हा दाबली. "हवा हाये का नुसती?" मी हो म्हटलं. "जरा बघू," म्हणाले आणि आडवे झाले. उशी मानेखाली ओढली. "हां," एवढाच शब्द आला. दुसरा आला नाही. मिनिटभरात घोरायला लागले.

आता काय करायचं? वयाने वडील माणूस. दिवसभर त्यांनी वाट दाखवली, माझी सॅक दोन ठिकाणी हातात घेतली. त्यांना हलवून 'माझी गादी' म्हणायचं तरी कसं? गुरुजी अंधारात हसत होते. मी घोंगडी घेतली. घोंगडी ऊबदार असते यात शंका नाही. तिला चुलीच्या धुराचा वास होता, ती मानेला टोचत होती, आणि तिच्याखाली लगेच कातळ होता. माझी गादी माझ्यापासून दोन हातांवर रात्रभर वाजत होती. आमच्या आजोबांना आणि गुरुजींना हे कोणीतरी सांगायला हवं होतं की निजेला धोंडा ज्याच्या रोजच्या वाट्याला येतो, त्याला धोंड्याचं काही कौतुक नसतं. पहाटे कधीतरी गुरुजींची सॅक पायाखालून निसटून उतारावरून गेली आणि पाठोपाठ त्यांचे पाय जमिनीवर आदळले, तेवढा एक विरंगुळा.

सकाळी मामा आळोखेपिळोखे देत उठले. "झकास हाये. वाजती जरा. उशी मात्र पळती, दोनदा हुडकली." मग गादीची झडप, शिवण, तळ नीट पाहून विचारलं, "केवढ्याला?"

ग्रुप चहा पीत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जो माणूस आयुष्यभर घोंगडीवर झोपला, त्याच्यासमोर साडेसात हजार हा आकडा माझ्या तोंडून निघेना.

"साडेसातशे," मी म्हटलं.

"साडेसातशे?" गुरुजी म्हणाले. "मग मलाही एक आण."

मामांनी मनातल्या मनात हिशेब केला. काजव्यांच्या सीझनला त्यांच्याकडे पोरं उतरतात, ते तंबू भाड्याने देतात. पोरं हौसेनं येतात आणि सकाळी कंबर धरून उठतात, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातात. गादी असली तर जास्तीचे पन्नास रुपये कोणीही देईल. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. तीन हजार. "चार आणा. मे महिन्याच्या आत."

मी म्हटलं, मामा, स्टॉक नसतो. म्हटलं, रंग मिळत नाही. म्हटलं, पैसे नंतर द्या. "असू द्या, असू द्या," म्हणाले आणि सॅक उचलून माझ्या पाठीवर चढवली. साडेचार किलोची ती सॅक कात्राबाईपर्यंत मला भयंकर जड झाली. हरिश्चंद्रगडावर गादी माझी मला मिळाली. त्या रात्रीही झोप लागली नाही, पण त्यात गादीचा दोष नव्हता.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत फोन वाजला. मी आंघोळीला होतो, बायकोने उचलला. बाहेर आलो तेव्हा ती म्हणत होती, "हो मामा, सांगते. चार नको, सहा. हो, साडेसातशेच्याच." फोन ठेवून तिने ड्रॉवर उघडला आणि दुकानाचं बिल काढून माझ्यापुढे टेबलावर सरळ करून ठेवलं.

"सहा कशाला, सातच मागव," ती म्हणाली. "एवढ्या स्वस्त मिळतायत तर एक आईंनाही होईल."

आतून आई म्हणाली, "मला नको गं बाई. वाजते ती."